पिशवीला टाका

माझं पहिलं बाळंतपण पाचव्या महिन्यातच संपलं. कळा आल्या नाहीत, ताप आला नाही. रात्री ओटीपोटात जडपणा होता, कंबर भरून आली होती, इतकंच. सकाळी इस्पितळात पोचेपर्यंत पिशवीचं तोंड उघडलं होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आता थांबवता येणार नाही म्हणाले. पुढचे काही तास मी इथे लिहिणार नाही.

लिहायचंय ते त्यानंतर घरी आलेल्या कारणांबद्दल. भेटायला येणारं प्रत्येक जण शहाळ्याबरोबर एक कारणही ठेवून जायचं. सासूबाईंच्या मते ठाणे ते सीएसएमटी लोकलचा प्रवास भोवला. त्यांच्या बहिणीच्या मते ग्रहण पाळलं नाही म्हणून. शेजारच्या काकूंना पपईचा संशय होता, ऑफिसातल्या मैत्रिणीला मांडीवरच्या लॅपटॉपचा. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्याच दिवशी तिनं चिपळूणला फोन करून ग्रामदेवतेचा राहिलेला नारळ द्यायला सांगितला. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. त्यानं काय खाल्लं, कुठल्या गाडीनं प्रवास केला, याची चौकशी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

डॉक्टर मॅडमनी केसपेपरवर एक चित्र काढून दाखवलं. उलट्या धरलेल्या बाटलीसारखं गर्भाशय, खाली त्याचं तोंड. नऊ महिने हे तोंड लांब आणि घट्ट मिटलेलं राहायला हवं. काही बायकांमध्ये ते वजन पडायला लागलं की चौथ्या-पाचव्या महिन्यात, काही न दुखता, आखूड होत जातं आणि उघडतं. "यात तुम्ही केलेलं काही नाही आणि न केलेलंही काही नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला लवकर कळवा. आपण लांबी मोजत राहू."

दुसऱ्या वेळी टेस्टवर दोन रेघा दिसल्याबरोबर मी त्यांना कळवलं. आईच्या आधी.

मग सोनोग्राफीच्या फेऱ्या सुरू झाल्या. या तपासणीचा जन्म मला फार गमतीशीर वाटतो. ग्लासगोतल्या इयान डोनाल्ड या डॉक्टरनं कारखान्यात धातूतले तडे शोधायला वापरतात ते ध्वनिलहरींचं यंत्र माणसाच्या पोटावर चालवून पाहिलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्याआधी हजारो वर्षं पोटातलं बाळ ही फक्त अंदाजाची गोष्ट होती. सुईण पोटावर हात फिरवून डोकं कुठे आणि पाय कुठे ते सांगायची, आणि अनुभवी सुईणीचा हात बहुतेकदा बरोबर निघायचा. पण पिशवीचं तोंड किती मिलिमीटर आहे, हे जगातल्या कुठल्याही हाताला सांगता आलं नसतं.

आमच्याकडे या यंत्राला एक वेगळाच इतिहास चिकटला. सोनोग्राफी सेंटरच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, आत गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म एफ, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं माझ्या सहीचं निवेदन. प्रत्येक वेळी नव्यानं. कंटाळून मी एकदा कुरकुरले, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, एक रकाना रिकामा राहिला तरी मशीन सील होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ ला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्या. कायदा होता, पाटी होती, आणि मुली कमी होत गेल्या. माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या एका आजींनी मला हळूच विचारलंच, "इथल्या मॅडम काही खूण करतात का हो?" मी नाही म्हटलं. त्यांच्या सुनेनं मोबाइलमधून मान वर केली नाही.

तर त्या अंधाऱ्या खोलीत, पडदा माझ्यापासून थोडा वळवून, दर पंधरवड्याला माझी लांबी मोजली जायची. पंचवीस मिलिमीटरच्या वर असेल तर ठीक. चौतीस आली, मग एकतीस. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला रेडिऑलॉजिस्ट बाईंनी तीच जागा पुन्हा पुन्हा मोजली आणि काही न बोलता मॅडमना फोन लावला. एकवीस. शिवाय तोंडाचा आतला भाग नरसाळ्यासारखा उघडायला लागला होता.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या," मॅडम म्हणाल्या. "शिरोडकर घालते."

शिरोडकर हे टाक्याचं नाव आहे हे मला तेव्हा कळलं. गोव्यातल्या शिरोड्याकडचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा गर्भ गळून जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. अशा बायकांना तेव्हा विश्रांतीपलीकडे फारसं काही सांगितलं जात नसे. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच पिशवीच्या तोंडाभोवती, आतल्या बाजूनं, आवळून टाका घालायची शस्त्रक्रिया बसवली. टाक्यासाठी ते सुरुवातीला त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून वापरत. १९५५ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि तेही लंडन-न्यूयॉर्कमध्ये नाही, तर मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी सोपा प्रकार आणला, आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात. पण तोंड फार आखूड झालं असेल तर अजूनही काही डॉक्टर मूळ पद्धतीकडे जातात. जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत एका मराठी माणसाचं आडनाव असं बायकांच्या पोटातल्या टाक्याला लागून बसलंय, आणि मुंबईत वाढलेल्या मला ते वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कळलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. कमरेतून इंजेक्शन, पाय बधिर, समोर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे मॅडम आणि भूलतज्ज्ञ डॉक्टर दादरच्या कुठल्या दुकानात चांगलं पुरण मिळतं यावर बोलत होते, आणि ते ऐकून मला फार धीर आला. माणसं पुरणावर बोलताहेत म्हणजे काही बिघडत नाहीये. अर्ध्या तासात मला बाहेर आणलं.

खरी परीक्षा घरी होती. मॅडमनी सांगितलं होतं, जड उचलू नका, प्रवास नको, संबंध नकोत, रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी आत ठेवा; पण दिवसभर झोपून राहू नका, त्यानं टाका टिकतो असा पुरावा नाही आणि पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती मात्र असते. यातलं 'झोपून राहू नका' घरातल्या कुणालाही ऐकू आलं नाही. सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याशी विटा लावून घेतल्या. मी पाणी प्यायला उठले की दोन्ही खोल्यांतून "काय हवंय?" असा आवाज यायचा. आधी कुणालाच कारण माहीत नव्हतं, तेव्हा दहा कारणं होती आणि कुठलंच पक्कं नव्हतं. आता एकवीस मिलिमीटर हे पक्कं कारण होतं, आणि त्याची राखण करणं हे माझं काम होतं. शिंक आली तरी घरातले माझ्याकडे बघायचे.

सोबतीला आजी आली. माझ्या आईची आई. शहाऐंशी पूर्ण, लालबागला मामाकडे असते, ऐकू कमी येतं पण ज्यावर बोलायचं ते बरोबर ऐकू येतं. तिची सगळी बाळंतपणं चिपळूणजवळच्या गावात झाली. माजघराला लागून काळोखी खोली, बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्या-शेपांची धुरी. दहा दिवस सोयर, त्यात आजोबांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. सुईण पावसात वहाळ ओलांडून यायची. आजी तिच्याबद्दल अजून आदरानं बोलते. रात्रभर पाठ दाबून द्यायची, गोष्टी सांगायची, ओरडू द्यायची.

मला इतकंच माहीत होतं की आजीला चार मुलं झाली आणि तीन जगली. त्या दुपारी ती माझ्या पायाला तेल लावत होती. टाका म्हणजे नेमकं काय, असं तिनं विचारलं. मी मॅडमसारखं चित्र काढून दाखवलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कळा येत नाहीत म्हणालीस ना? कंबर भरून येते फक्त?"

"हो."

"माझी दोन अशीच गेली. तुझ्या मामाच्या आधी. पाचव्या महिन्यात."

हे आईलाही माहीत नव्हतं. पहिल्या वेळी सासूनं दृष्ट काढली. दुसऱ्या वेळी घरात आजोबांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं. गावातल्या डोहाळजेवणांना आजीला बोलावणं बंद झालं. ओटी भरायला हिचा हात नको. मग कुठल्याशा भगतानं दंडात काळा दोरा बांधला आणि योगायोगानं त्यानंतरचा मामा टिकला, त्यामुळे श्रेय दोऱ्याला गेलं.

"म्हणजे माझ्यापण पिशवीचं तोंड सैल होतं काय गं?"

मी मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यांनी फार प्रामाणिक उत्तर दिलं. असू शकेल आजी, पण आता सांगता येणार नाही. पाचव्या महिन्यात गर्भ जाण्याची आणखीही कारणं असतात, जंतुसंसर्ग असतो, बाळातच दोष असतो, आणि पुढचं बाळ टाक्याशिवाय नीट टिकतं असंही पुष्कळदा होतं. फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, "त्या म्हातारीला कुणी हे सांगितलं असतं तर." म्हातारी म्हणजे तिची सासू. तिला जाऊन पन्नासेक वर्षं झाली असतील. आजीचा राग मात्र त्या दुपारी ताजा होता.

मग चौथ्या मुलाचंही निघालं. तो पूर्ण दिवसांचा, धडधाकट झाला. पाचवी पुजली, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवली. त्यानंतर दोन दिवसांनी त्याचा जबडा बसला, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं वाकायला लागलं. हा धनुर्वात हे आज कुणालाही कळेल. नाळ विळ्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि जंतू अंगात भिनायला साधारण आठवडा लागायचा. म्हणजे सटवाईनं लिहिलं त्याच्या पाठोपाठ बाळ जायचं. कोकणातल्या एखाद्या बाईनं या दोन गोष्टी जोडल्या तर त्यात अडाणीपणा कसला? तारखा जुळत होत्या. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस, जन्माच्या वेळी स्वच्छ पातं आणि स्वच्छ हात, एवढ्यावर हा आजार हटला. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात संपल्याचं जाहीर झालं. मला ते इंजेक्शन देताना नर्सनं मोबाइलवर बोलणंसुद्धा थांबवलं नव्हतं.

तेहतिसाव्या आठवड्यात पाणी गेलं. पहाटे, पूर्वद्रुतगती मार्ग रिकामा, टॅक्सीवाला एक शब्द न बोलता सिग्नल तोडत होता.

इस्पितळात गेल्या गेल्या मला प्रतिजैविकं आणि डेक्सामिथासोन सुरू झालं, दर बारा तासांनी एक, अशी चार इंजेक्शनं. हे स्टिरॉइड आईला देतात, पण ते बाळाच्या फुप्फुसांसाठी असतं. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच प्रयोग करत होते. प्रसूती कशानं सुरू होते ते त्यांना शोधायचं होतं. त्यात स्टिरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की त्यानं श्वास घ्यायलाच नको होता, आणि ते श्वास घेत होतं. त्यावरून त्यांनी आणि हॉवी यांनी गरोदर बायकांवर चाचणी केली, ती १९७२ ला प्रसिद्ध झाली. औषध अगदी स्वस्त. फक्त वेळ हवा. म्हणून टाका लगेच कापायचा की एक दिवस थांबायचं यावर डॉक्टरांची चर्चा चालली होती. चौथं इंजेक्शन झालं, त्यानंतर टाका कापला, आणि कापल्यावर कळा आपोआप आल्या.

नवरा आत होता. माझ्या बाबांनी मी जन्मले तेव्हा पालिकेच्या प्रसूतिगृहाबाहेर फुटपाथवर रात्र काढली होती, आजोबा तर उंबऱ्याबाहेर. त्याच्या हाताला मी नखं रुतवली, त्याच्या खुणा त्यानं महिनाभर लोकांना दाखवल्या. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त सहानुभूती मिळाली. सिस्टर मात्र आजीच्या सुईणीच्या जातकुळीतली निघाली. मॉनिटरवरचे बाळाचे ठोके ऐकत ती माझी कंबर चोळत होती आणि ओरडू देत होती. सगळ्याच लेबर रूममध्ये ओरडू देत नाहीत. याच शहरात प्रसूतीच्या टेबलावर बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी इतर बायकांकडून ऐकलंय.

मुलगी झाली. एक किलो आठशेच्या आसपास. बालरोगतज्ज्ञांनी एका मिनिटाला दहापैकी सात आणि पाच मिनिटांनी नऊ असे गुण मोठ्यानं सांगितले. ही परीक्षा व्हर्जिनिया अपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये बसवली. तोपर्यंत आईची बाळंतपणाची काळजी घेणारे सगळे आईकडे बघत असायचे, आणि निळ्या पडलेल्या बाळाकडे नीट लक्ष द्यायचं हे कुणाचं ठरलेलं कामच नव्हतं. गुण देऊन तिला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. मी तिचा एक कान पाहिला.

एनआयसीयूच्या दारात हात कोपरापर्यंत धुवायचे. आजी तिथे आली तेव्हा तिला दोनदा धुवायला लावले. ती चिडली नाही, उलट "आमच्या सुईणीला असं कुणी सांगितलं असतं तर," एवढंच पुटपुटली. सुईणीलाच काय, व्हिएन्नाच्या मोठ्या डॉक्टरांनाही हे सांगावं लागलं होतं. १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरनं तिथल्या प्रसूती विभागात शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्यानं खाली आली. तरी भल्याभल्यांना ते पटलं नाही. डॉक्टरांच्या हातात दोष असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं.

मुलीला सुरुवातीला नाकात हवेच्या दाबाची नळी लागली. कांजूरच्या एका जोडप्याचं बाळ शेजारी होतं, तिच्याहून कितीतरी लहान. त्या रात्री नवऱ्यानं फोनवर वाचलेली एक गोष्ट मला सांगितली: १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे लवकर, पण वजन दोन किलोच्या वर. फुप्फुसं पिकली नव्हती म्हणून तो दोन दिवसांत गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं बाळ, आमच्या मुलीपेक्षा दिवसांनी आणि वजनानं मोठं. हे त्यानं मला धीर द्यायला सांगितलं होतं. मला रात्रभर झोप लागली नाही, पण नंतर कधीतरी ते धीराचंही वाटलं.

या काळातली सगळ्यात जिवंत जागा म्हणजे दूध काढायची खोली. एका बाजूला सोफा, पंप, स्टीलच्या वाट्या, भिंतीवर स्तनपानाची पोस्टरं, आणि दिवसातून आठ वेळा तिथे जमणाऱ्या आम्ही. गाऊनच्या गुंड्या उघड्या, केस विस्कटलेले, टाक्यांमुळे जपून बसणाऱ्या. आजीच्या काळोख्या खोलीचं काम ही खोली करत होती. नवऱ्याच्या तक्रारी, सासूच्या, बिलाच्या. बिलाचा आकडा रोज वाढत होता आणि विमा कंपनीनं बाळाचा खर्च कुठल्या कलमात बसतो यावर मेलामेली लावली होती. नालासोपाऱ्याच्या एकीनं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. सरकारी रुग्णालयात जागा मिळाली असती तर इथे आलेच नसते, असं ती रोज एकदा म्हणायची.

सिझर हा तर रोजचा विषय. आमच्यातल्या बहुतेकींचं सिझर झालं होतं आणि लवकर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत ते समजण्यासारखं होतं. पण त्यांच्या बहिणी, नणंदा, शेजारणी? 'बाळाभोवती नाळ आहे', 'पाणी कमी झालंय', 'रिस्क कशाला घ्या' ही वाक्यं प्रत्येकीला पाठ होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझर, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. पैसा जिथे जास्त तिथे बायकांची हाडं अरुंद होतात असं काही शास्त्र नाही. दोष सगळा डॉक्टरांवर टाकायलाही मी तयार नाही. खोलीतल्या एकीच्या सासऱ्यांनी ज्योतिषाकडून वेळ काढून आणली होती, सकाळी अकरा सत्तावीस ते अकरा चाळीस, आणि बाळानं स्वतःच लवकर येऊन ती मोडली. शिवाय हेही खरं की सिझर सुरक्षित झालं नसतं तर आमच्या त्या खोलीतल्या निम्म्या बायका तिथे बसलेल्या नसत्या.

मला दूध येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण पंपाच्या बाटलीच्या तळाला लागेल इतकं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, मिल्क बँकेतलं द्यायला तुमची परवानगी आहे का? अशी आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या दुधाऐवजी डब्याचं दूध दिलं की आतडी बिघडतात आणि जंतुसंसर्ग होतो, हे त्यांनी त्या वॉर्डात पाहिलं होतं. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी वगैरे तपासणी करतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. मी लगेच सही केली. सासूबाईंना मात्र ते घरी सांगावं लागलं.

"कुणाचं दूध?"

"बँकेचं."

"बँकेचं म्हणजे कुणाचं? नाव-गाव काही?"

नाव-गाव नसतं. अनेकींचं एकत्र केलेलं असतं. सासूबाई गप्प झाल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं आणि ते बोलून दाखवू नये एवढी समज त्यांना होती. तोंड उघडलं ते आजीनं. "माझ्या थोरल्याला आठ दिवस कातकरणीनं पाजलंय," ती म्हणाली. "मला ताप भरला होता. नंतर अंगणात पाणी शिंपडलं घरच्यांनी. पोराला नाही शिंपडलं, ते दूध त्याच्या पोटात गेलं होतं." पुढे माझं दूध वाढलं, इतकं की मी शेवटच्या आठवड्यात त्याच पेढीला देऊन आले. बाटल्या पोचवायला सासूबाईच माझ्याबरोबर होत्या. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "लेबल नीट लावा हं."

वजन वाढायला लागल्यावर कांगारू पद्धत सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आणि आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी हे सुरू केलं आणि आता जिथे यंत्रं भरपूर आहेत तिथेही करतात, कारण बाळं त्यानं खरोखर बरी वाढतात. मी दमले की नवरा बसायचा. शर्ट काढून, पोट आत घ्यायचा प्रयत्न करत, छातीवर मुठीएवढं डोकं. त्याच रांगेत एक पोलीस हवालदार असायचा, त्याच्या छातीवर जुळ्यांपैकी एक. त्या दोघांची क्रिकेटवर कुजबुज चालायची आणि सिस्टर येऊन त्यांना गप्प करायची. सोयर पाळणाऱ्या घरात वाढलेले ते दोघंही.

घरी सोडताना कागदांचा गठ्ठा मिळाला: लोहाचे थेंब, व्हिटॅमिन डी, महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानांची तपासणी, लसींच्या तारखा. घरी आल्यावर मालीशवाली बाई, धुरी आणि बाळगुटी यावरून जुंपली. मालीशवाली राहिली, धुरी माझ्यापुरती आणि बाळ दुसऱ्या खोलीत असताना, गुटी पूर्ण बंद. डिंकाच्या लाडवांवर कुणाचाच आक्षेप नव्हता. पाचवी टळून गेली होती, ती आजीनं घरी आल्यावर उरकून घेतली. कोरा कागद मागितला, तर घरात इस्पितळाची फाइलच हाताशी होती. तिच्यातल्या एका तपासणी अर्जाची मागची बाजू कोरी होती, तीच ठेवली.

राहता राहिली रजा. मुंबईनं १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला, गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले होते. माझ्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, सव्वीस आठवडे पगारी रजा होती, त्यातली आठ आठवड्यांपेक्षा जास्त प्रसूतीच्या आधी घेता येत नव्हती. माझा टाका पाचव्या महिन्यातला. मधला काळ मी साठलेली रजा आणि बिनपगारी यांत काढला. घरी पडल्या पडल्या कायदाच वाचला, तेव्हा दोन कलमं सापडली. कलम नऊ: गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा. पहिल्या वेळी मी आठवड्याभरात कामावर गेले होते. आमच्या एचआरमधल्या बाईंनी तेव्हा मला 'बरं वाटलं की या, घाई नाही' असं फार गोड आवाजात सांगितलं होतं. कलम सांगितलं नव्हतं. आणि कलम दहा: अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली आणि त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत.

कलम दहाचा अर्ज मी मॅडमच्या सर्टिफिकेटसह मेल केला. आधी उत्तर आलं की अशी पॉलिसी आमच्याकडे नाही. मी कायद्याचं पान जोडून परत पाठवलं. मग चार दिवस शांतता, आणि मग एका ओळीत मंजुरी. त्याच आठवड्यात अकाउंट्समधल्या एका मुलीचा मेसेज आला. तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, घरी सासूनं ऑफिसच्या जिन्यांना दोष दिला होता, आणि सोमवारपासून ती कामावर येणार होती. मी तिला आधी कलम नऊ पाठवलं, मग मॅडमचा नंबर.